रात्री रस्त्यात चितळ-रोही आडवं आलं तर: ब्रेक, स्टेअरिंग, वनखातं आणि विमा

वर्धेकर
नागपूर-जबलपूर, चंद्रपूर-मूल, साकोली-देवरी. या तिन्ही रस्त्यांवर रात्री गाडी चालवणारे इथे बरेच आहेत. चितळ, सांबर, रोही (नीलगाय) आडवं येणं नवं नाही, पण नेमकं करायचं काय याबद्दल दहा तोंडी दहा मतं ऐकू येतात. कोणी म्हणतो गाडी वळवून वाचवा, कोणी म्हणतो सरळ ठोका, कोणी म्हणतो धडकलं तर थांबूच नका, वनखातं गाडी जप्त करतं. त्यामुळे जाणकारांनी एका जागी लिहावं म्हणून हा धागा. तीन प्रश्न: (१) समोर दिसल्यापासून धडकेपर्यंत काय करायचं, (२) धडकल्यावर गाडीचं आणि जनावराचं काय, (३) विमा मिळतो का. कृपया किस्से नकोत, माहिती हवी.

क्लचमास्तर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: ब्रेक पूर्ण दाबा, स्टेअरिंग सरळ धरा, आपली लेन सोडू नका.

कारण असं. चितळाची मादी ४५ ते ६० किलोची, नर ७०-८० च्या घरात. त्याला धडकून गाडीचं तोंड फुटतं, पण बेल्ट लावलेली माणसं बहुधा वाचतात. त्याला चुकवायला ८० च्या वेगात स्टेअरिंग झटक्यात फिरवलं की समोर येतो तो ट्रक, नाहीतर रस्त्याकडेचं चिंचेचं झाड, नाहीतर नाल्याचा कठडा. यातलं काहीच ६० किलोचं नसतं. उंच एसयूव्ही तर डांबर सोडून साइडपट्टीच्या मुरमावर दोन चाकं गेली आणि उलट झटका दिला की पलटीच खाते.

आता अंतराचं गणित. माणसाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. कोरडा, चांगला रस्ता आणि बऱ्या टायरवर थांबायला लागणारं एकूण अंतर साधारण असं येतं:

६० ला: २५ + २० = ४५ मीटर
८० ला: ३३ + ३६ = ६९ मीटर
१०० ला: ४२ + ५६ = ९८ मीटर
१२० ला: ५० + ८१ = १३१ मीटर

पहिला आकडा विचाराचा, दुसरा ब्रेकचा. ओल्या रस्त्यावर ८० लाच ९० मीटर लागतात. डिपर लाइटमध्ये (खाली वळवलेल्या झोतात) जनावर दिसतं ५० मीटरच्या आसपास. म्हणजे डिपरवर ६० च्या वर चालवताय तर दिसल्यावर थांबणं गणितातच बसत नाही. अप्पर लाइट लागतोच, समोरून गाडी आली की डिपर आणि त्याबरोबर वेगही खाली. लोक डिपर मारतात, पण वेग तसाच ठेवतात. नेमकं तिथेच चुकतं.

एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था) असेल तर पेडल पायाखाली थडथडतं, घाबरून पाय उचलू नका. एबीएस नसेल आणि चाकं लॉक झाली तर क्षणभर सैल करून पुन्हा दाबा.

धुरळा
क्लचमास्तर, धडकेच्या ऐन क्षणी ब्रेक सोडायचा असं वाचलंय. म्हणजे गाडीचं नाक वर येतं आणि जनावर बोनेटवरून काचेत घुसत नाही. खरं का?

क्लचमास्तर
तत्त्व खरं आहे. जोरात ब्रेक लागला की पुढचं सस्पेन्शन दबतं, नाक खाली जातं आणि उंच पायांचं जनावर बोनेटवर चढतं. पण शेवटच्या पाव सेकंदात पाय उचलण्याचं भान किती जणांना राहील? लवकर सोडला तर वेग जास्त राहतो, आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० ची धडक ६० च्या पावणेदोन पट. म्हणून सामान्य चालकाला माझा सल्ला: शेवटपर्यंत दाबून ठेवा.

रोही आणि सांबराची गोष्ट मात्र वेगळी. रोह्याचा नर २०० किलोच्या वर, खांदा सव्वा-दीड मीटर उंच. सांबराचा नर त्याहून भारी. बंपर लागतो त्यांच्या पायांना आणि धड थेट काचेवर येतं. तिथेही लेन सोडून वळू नकाच, पण समोर रोही असेल तर सगळा भर वेग कमी करण्यावर द्या. आणि मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावायचा. मागचा माणूस पुढच्या सीटवर येऊन आदळतो, हे आपल्याकडे कोणी मोजतच नाही.

मोहाखाली
जनावर कधी, कुठे येतं हे माहीत असलं तर निम्मं काम होतं.

चितळ एकटं नसतं. एक ओलांडून गेलं म्हणून ॲक्सिलरेटर दाबू नका, मागून कळप येतो. बऱ्याच धडका दुसऱ्या-तिसऱ्या जनावराला होतात, पहिल्याला नाही. सूर्योदयाच्या आधीचा आणि सूर्यास्तानंतरचा तास-दीड तास सर्वात वाईट. पण रोही शेतावर यायला अंधार पडल्यावर निघतं आणि पहाटे परत झुडपात जातं, त्यामुळे त्याचं ओलांडणं रात्रभर चालू.

हंगामाप्रमाणे जागा बदलतात. मार्च-एप्रिलात मोह गळतो तेव्हा रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडांखाली चितळं-सांबरं हमखास. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या वाटेवर. जुलैत सोयाबीन उगवलं की शेताच्या बांधावर, आणि नोव्हेंबरपासून हरभरा-गहू-तुरीच्या पट्ट्यात रोही आणि रानडुक्कर. रस्त्याच्या एका बाजूला झुडुपी जंगल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा हरभरा असला तर फलक असो-नसो, ती ओलांडणीची जागाच समजा. नाल्यावरच्या छोट्या पुलांजवळही जपून, नाल्याच्या काठाने येणारं जनावर तिथेच वर चढतं.

दिव्यात जनावर खिळून का उभं राहतं? त्याचे डोळे अंधारासाठी बनलेले, बुबुळामागे परावर्तक पडदा असतो. अप्पर लाइट पडला की त्याला काहीच दिसेनासं होतं. लांबून दिसलं तर दिवा डिपर करा, वेग कमी करा, हॉर्नचे आखूड-आखूड ठोके द्या आणि वाट द्या. अप्पर-डिपर लपलप करू नका, ते आणखी गोंधळतं. तुम्हाला आधी दिसतात ते दोन चमकते ठिपके. पण त्याने मान फिरवली की ठिपके विझतात, म्हणून ठिपके गेले म्हणजे जनावर गेलं असं धरू नका.

सोलापूर-नान्नज, कर्जत-रेहेकुरी भागात जंगल दिसत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. तिथे उघड्या माळावरून काळवीट येतं, आणि ते पळणाऱ्या गाडीच्या पुढून आडवं उडी मारून जातं. आंबोली-राधानगरीकडे गवा. तो ६०० किलोच्या पुढे, त्याला धडकणं म्हणजे भिंतीला धडकणं.

हवेलीकर
बंपरवर लावायच्या शिट्ट्या मिळतात, वाऱ्याने वाजतात आणि हरणं पळतात म्हणे. दोनशे-तीनशे रुपयांत मिळतात. लावाव्यात का?

मोहाखाली
नका लावू. परदेशात त्यांच्या चाचण्या झाल्या, जनावराच्या वागण्यात भरवशाचा फरक दिसला नाही. शिट्टी लावली म्हणून वेग वाढवला तर तोटाच. तेच पैसे हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्यायला आणि दिव्याचा कोन नीट करून घ्यायला घाला.

बोनेटखाली
आता गाडीचं. धडकेनंतर गाडी चालू राहिली म्हणून लोक तशीच ३०-४० किलोमीटर घेऊन येतात, आणि १५ हजारांचं काम लाखावर जातं. का ते सांगतो.

ग्रिलच्या मागे क्रम असा: आधी एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, मागे पंख्याचं कव्हर आणि पंखा. काही टर्बो गाड्यांत इंटरकूलरही तिथेच. चितळाची धडक मऊ असते, त्यामुळे बंपरचं प्लास्टिक आत जाऊन पुन्हा बाहेर येतं आणि बाहेरून फारसं दिसत नाही. आत मात्र कंडेन्सर रेडिएटरवर दाबला जातो आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीला बारीक चीर पडते.

रस्त्यातच तपासायचं ते या क्रमाने:

१. इंजिन बंद. गाडीखाली टॉर्च मारा. हिरवं, गुलाबी किंवा निळसर पाणी टपकत असेल तर कूलंट. नुसतं साधं पाणी बहुतेक एसीचं किंवा वायपरच्या टाकीचं.
२. बोनेटचं लॉक वाकलंय का बघा. वाकलं असेल तर दोरीने ग्रिलच्या मागच्या आडव्या पट्टीला बांधा. नाहीतर ६० च्या वेगाला बोनेट उघडून काचेवर येतं.
३. फेंडरच्या आतलं प्लास्टिक अस्तर चाकाला घासतंय का. घासत असेल तर कापून टाका, टायर फाडतं.
४. पंख्याचं पातं हाताने फिरवून बघा, पण चावी काढून घेतल्यावरच. काही पंखे इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतात.
५. दोन्ही हेडलाइट. बल्ब जळत असला तरी मागचे प्लास्टिकचे कान तुटले की प्रकाश आकाशात किंवा जमिनीवर. तशी गाडी रात्री पुढे नेऊ नये.

कूलंट गळत असेल तर इंजिन पुन्हा सुरूच करायचं नाही. "तापमानाचा काटा बघत बघत जातो" ही सर्वात महागात पडणारी चूक. सेन्सर पाण्यात बुडालेला असताना तापमान सांगतो. पाणी संपलं की तो हवेत उघडा पडतो, काटा वर जाण्याऐवजी मधेच थांबतो किंवा खाली येतो, आणि तेवढ्यात इंजिनचं हेड वाकतं, गॅस्केट जळतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे वेगळं सांगायला नको.

एअरबॅग उघडली नाही म्हणून कंपनीला दोष देणारे बरेच असतात. मऊ शरीराला धडकल्यावर गाडीचा वेग भिंतीला धडकल्यासारखा एकदम शून्य होत नाही, म्हणून सेन्सर कधी कधी उघडायचा निर्णय घेत नाही. आणि पुढे लोखंडी बुलगार्ड असेल तर बिघाड आणखी. धडक बंपरच्या दबणाऱ्या भागात न जिरता थेट चेसीला जाते. बुलगार्डवर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश काढलेत. विदर्भात तरी निम्म्या जीपांना ते दिसतंच.

नव्या गाड्यांत ग्रिलमध्ये रडार किंवा काचेवर कॅमेरा असतो. बंपर बदलला आणि रडारचं कॅलिब्रेशन केलं नाही तर गाडी भलत्याच वेळी ब्रेक मारते. बिलात ती ओळ आहे का, बघून घ्या.

दर्यापूर
बोनेटखाली +१. सेन्सर हवेत उघडा पडण्याचा मुद्दा नवीन कळला.
इलेक्ट्रिक गाडीचं काय?

बोनेटखाली
बॅटरी तळाला असते, चितळ पुढून लागल्यास तिला सहसा काही होत नाही. पण जनावर चाकाखालून गेलं असेल तर खालचं आवरण बघायला हवं. केशरी रंगाची वायर उघडी दिसली, जळका वास किंवा फुसफुस आवाज आला तर सगळे खाली उतरून लांब उभे राहा आणि कंपनीच्या मदतीला फोन. आणि लक्षात घ्या, कूलंट तिथेही असतं. पुढचा रेडिएटर फुटला तर बॅटरी-मोटर थंड ठेवणारी व्यवस्था जाते.

रेंजवरचा
वनखात्याचं सांगतो, कारण गैरसमज इथेच जास्त.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेलं वन्य जनावर, त्याचं मांस, शिंग, कातडं, सगळं सरकारची मालमत्ता. ते तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं, आणि परवानगीशिवाय ठेवता येत नाही. म्हणून मेलेलं चितळ डिक्कीत टाकलं की अपघाताची शिकार झाली समजा. गावातली पोरं "द्या ना भाऊ, आम्ही बघतो" म्हणत येतात, त्यांच्या हाती सोपवणंही तितकंच अंगाशी येतं. गळून पडलेलं शिंगही उचलायचं नाही. काळवीट आणि चिंकारा तर अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत. शेताचं नुकसान करणाऱ्या रोही-रानडुकरांसाठी वेगळ्या परवानग्या असतात, त्यांचा रस्त्यावर धडकलेल्या जनावराशी काडीचा संबंध नाही.

फोन कुठे? महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६. माणसं जखमी असतील तर आधी ११२. राष्ट्रीय महामार्गावर क्रेन, गस्ती गाडीसाठी १०३३. सांगताना किलोमीटरचा दगड किंवा मोबाइलवरचं लोकेशन, जनावर कोणतं, जिवंत की मेलेलं, रस्ता अडलाय का, एवढं पुरे.

मग वनरक्षक किंवा वनपाल येतो, पंचनामा होतो, प्राथमिक वनगुन्हा नोंदवला जातो, पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतो आणि शव साक्षीदारांसमोर जाळतात किंवा पुरतात. गुन्हा नोंदला म्हणजे तुम्हाला शिकारी ठरवलं असं नाही, चौकशीचा तो कागद आहे. चौकशीसाठी गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार खात्याला आहे, हे खरं. पण ज्याने स्वतः फोन केला, जागेवर थांबला, टायरच्या खुणा आणि फोटो दाखवले त्याचं प्रकरण आणि टोल नाक्याच्या कॅमेऱ्यातून शोधून काढलेल्याचं प्रकरण यांत फरक पडतोच. अभयारण्यातल्या किंवा रात्री बंद असलेल्या रस्त्यावर असाल, किंवा वेगमर्यादा मोडली असेल, तर तुमची बाजू लंगडी.

गोठा_ते_जंगल
जनावर जिवंत असेल तर. हे नीट वाचा, मदतीच्या नादात लोक त्याला मारतात.

जवळ जाऊ नका. पडलेलं चितळ अचानक उठून खुरांनी मारतं, शिंगाचं टोक पोटात जातं. चितळ मुळात धास्तीने मरणारं जनावर: धरलं, बांधलं, गर्दी झाली की स्नायूंना इजा होऊन ते काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दगावतं, जखम किरकोळ असली तरी. म्हणून १५-२० मीटर लांब राहा, हेडलाइट त्याच्यावरून काढा, हॉर्न-गाणी बंद, फोटोची गर्दी हटवा.

पाणी पाजू नका. शुद्ध हरपलेल्या जनावराच्या फुप्फुसात जातं. उलट्या अंगाने ओढून रस्त्याकडेला नेऊ नका, कण्याला मार असतो. स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणं तर नाहीच. ते अर्ध्या वाटेत शुद्धीवर आलं की काय होईल याचा विचार करा.

वनकर्मचारी किंवा डॉक्टर फोनवर सांगतील तरच: डोळ्यांवर गडद सुती कापड, नाकपुड्या मोकळ्या. जनावर आडवं पडून असेल तर छातीवर बसवून मान वर, तोंड किंचित खाली. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आडवं पडल्यावर वायू साचतो, फुगतं आणि श्वास कोंडतो. हातमोजे नसतील तर हातच लावू नका, गोचिडी असतात.

आकडेमोड
विम्याचं. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपया मिळत नाही. पॅकेज म्हणजे ओन डॅमेजसहित पॉलिसी हवी, तिच्यात जनावराची धडक अपघातातच मोडते.

कपात कशी होते ते बघा. प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: १ ते २ वर्षं १० टक्के, २ ते ३ ला १५, ३ ते ४ ला २५, ४ ते ५ ला ३५, पुढे १० वर्षांपर्यंत ४०. समजा साडेचार वर्षांच्या गाडीचा बंपर ८,००० चा, तर ४,००० मिळतील. बोनेट ९,००० चं, तर ५,८५०. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. झिरो डेप असेल तर घसारा नाही.

कूलंट गळत असताना चालवून इंजिन जाम झालं तर तो परिणामी बिघाड धरतात, साध्या पॉलिसीत नाकारतात. बोनेटखाली यांनी लिहिलंय ते म्हणूनही पाळा.

नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) ५० टक्क्यांवर असेल तर आधी हिशेब करा. समजा सवलतीआधी ओन डॅमेजचा हप्ता १२,०००. दावा केला की पुढची पाच वर्षं सवलत ५० ऐवजी ०, २०, २५, ३५, ४५. तोटा ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६०० म्हणजे १५,०००. हातात १० हजार येणार असतील तर दावा न केलेला बरा. बोनस संरक्षणाची जोड असेल तर गणित वेगळं.

कागद-पुरावे: जागेवरून कंपनीला फोन, नंबर प्लेटसह चारही बाजूंचे फोटो, दगड किंवा फलकासह रस्त्याचा फोटो, आणि बंपरमध्ये अडकलेले केस-रक्त यांचा जवळून फोटो. सर्व्हेअर येईपर्यंत गाडी धुऊ नका, खोलू नका. वनखात्याच्या पंचनाम्याची प्रत मिळाली तर दावा लवकर सुटतो. गाय-म्हैस असेल तर प्रकरण निराळं, तिला मालक असतो आणि भरपाईचा प्रश्न त्याच्याशी येतो.

पिट्सबर्गकर
अमेरिकेतल्या वाचकांसाठी पुरवणी, इथे उलटी गंमत आहे. हरणाची धडक "कॉम्प्रिहेन्सिव्ह" भागात येते. तुम्ही हरीण चुकवायला वळलात आणि झाडाला लागलात तर ते "कोलिजन". वजावट वेगळी, आणि दोष चालकाकडे जाऊ शकतो. म्हणजे लेन सोडू नका हे विमा कंपनीचंही म्हणणं. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण ऑक्टोबर ते डिसेंबर माजावर असतं, नोव्हेंबर सर्वात वाईट, आणि नेमकी तेव्हाच घड्याळं एक तास मागे गेल्याने ऑफिसातून परतीची वेळ अंधारात येते. पेनसिल्व्हेनियात मेलेलं हरीण रहिवाशाला मांसासाठी नेता येतं, २४ तासांत गेम कमिशनला कळवून परवाना क्रमांक घ्यायचा, शिंगं मात्र परत द्यायची. भारतात सुट्टीवर आल्यावर इथली सवय तिथे चालवू नका.

दुचाकी_दामू
मोटारसायकलवाल्यांचं कोणी लिहिलं नाही. आपल्याला बोनेट नाही. चितळाला धडकलं की गाडी थांबते, आपण पुढे जातो. रात्री जंगलपट्ट्यात ५० च्या वर नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, हँडल सरळ, वळणात असाल तर आधी गाडी उभी करून मग दाबा. पुढच्या कारच्या मागे ४०-५० मीटर अंतर ठेवून गेलं तर तिच्या दिव्यांचा फायदा होतो, पण चिकटून नाही. ती जे उडवते ते आपल्यासमोर पडतं.

वर्धेकर
सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. एकच शंका: पेंचच्या महामार्गावर जनावरांसाठी खालून भुयारी मार्ग केलेत, तिथेही जपायचं का? आणि समृद्धीवर?

मोहाखाली
पेंचच्या महाराष्ट्राकडच्या पट्ट्यात ५० ते ७५० मीटर लांबीच्या ९ रचना आहेत आणि डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले, वाघासकट. चितळ तर सर्रास. पण मार्ग संपतो तिथे जनावर रस्त्यावर चढतंच, म्हणून वर-खाली होणाऱ्या शेवटच्या टोकांना वेग कमी. समृद्धीवर कुंपण आणि ओलांडणीच्या रचना असल्या तरी कुंपण तुटलेल्या जागी रोही आत शिरतं आणि मग बाहेर पडायची वाट न सापडल्याने कडेकडेने पळत राहतं. १२० ला १३१ मीटर लागतात, वरचा तक्ता बघा. कडेला एक रोही दिसलं की समृद्धीच्या मदत क्रमांकावर कळवा, मागून येणाऱ्यांसाठी.

बोनेटखाली
आणि डिक्कीत हे असू द्या: चमकणारा त्रिकोण, डोक्याला बांधायचा टॉर्च, पाच मीटर नायलॉन दोरी, कटर, जाड हातमोजे, दोन लिटर पाणी. त्रिकोण गाडीच्या मागे निदान ५० मीटर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. माणसं गाडीत न बसता डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे.